शेवटच्या बाकावरचा पेला

“हा बघ. परत भरलेला.”

रतनबाईंनी तो बोटभर काचेचा पेला खिडकीच्या उजेडात धरला. द्राक्षरस जसा ओतला तसाच होता, थेंबभरही कमी नाही. मोरीपाशी मदतीला आलेली नंदा साबणाच्या पाण्यात बाकीचे पेले विसळत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

“असेल कुणाला सर्दी-बिर्दी, मावशी.”

“सर्दीला प्रभुभोजन चालत नाही, हे आज कळलं मला.”

“राहिला असेल गं. एवढासा तर पेला.”

“एकदा राहिला तर राहिला म्हणू. ऑगस्टमध्ये राहिला, सप्टेंबरमध्ये राहिला, आज ऑक्टोबर. तोच शेवटचा बाक, तेच दाराकडचं भोक. हा राहिलेला नाही नंदा, हा ठेवलेला आहे.”

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका गल्लीत, कृपासदन नावाची दीडशे माणसांची मराठी मंडळी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं. पाळकीणबाईंनी घरी उकळलेला द्राक्षरस छोट्या पेल्यांतून बाकाबाकांवर फिरतो, पाळकसाहेबांनी ‘प्या’ म्हटलं की सगळे एकदम पितात आणि रिकामे पेले पुढच्या बाकाच्या पाठीला ठोकलेल्या भोकांच्या फळीत खोचून ठेवतात. उपासना सुटली की ते गोळा करून धुवायचे. हे काम इतकी वर्षं शेवंतीबाई करायच्या. जुलैत त्यांचे गुडघे पार कामातून गेले आणि काम रतनबाईंकडे आलं.

काम तसं किरकोळ, पण ते आलं चुकीच्या माणसाकडे. रतनबाई भिंगारदिवे एमआयडीसीतल्या शर्टांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं चेकर होत्या. शर्ट टेबलावर आला की बाकीच्यांना शर्ट दिसायचा, रतनबाईंना सुटलेला टाका दिसायचा. त्यावर लाल बाणाची चिकटपट्टी लावायची आणि शर्ट शिवणाऱ्याकडे परत धाडायचा, हा त्यांचा धंदा. कारखान्यातून त्या निवृत्त झाल्या, डोळे काही झाले नाहीत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला होता, आणि मंडळीने त्यांना पंच म्हणून निवडलं होतं. मंडळीच्या सात पंचांत त्या एकट्या बाई, आणि ह्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

प्रभुभोजन न घेणं हा काही गुन्हा नव्हे. मनात पाप असेल, कुणाशी वैर असेल, तर प्रभूच्या मेजाजवळ येऊ नये, म्हणजे भोजन घेऊ नये, आधी ते मिटवावं, हे कृपासदनातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. पण मग ट्रे पुढे सरकवावा, पेला घ्यावाच कशाला? घ्यायचा, आणि कुणाला न दिसेल असा भरलेला परत खोचायचा, ह्यात रतनबाईंच्या मनात पाल चुकचुकली. मंडळीत काहीतरी लपलेलं आहे, आणि ते काय आहे हे कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागेना.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्या पंचांच्या बाकावर बसल्याच नाहीत. उकाड्याचं निमित्त सांगून मागे दारापाशी, पंख्याच्या बटणांजवळ उभ्या राहिल्या. शेवटच्या बाकावर दाराकडच्या टोकाला अंबादास ओहोळ बसला होता. लिफ्टचा मेकॅनिक, आता निवृत्त, बायको चार वर्षांपूर्वी वारलेली. सकाळी मंडळीचं कुलूप उघडायचं, माईक लावायचा, उपासना सुटली की दिवे-पंखे बंद करून कुलूप घालायचं, एवढाच त्याचा मंडळीतला आवाज. ट्रे आला. अंबादासने पेला उचलला. पाळकसाहेबांनी ‘प्या’ म्हटलं तेव्हा त्याने इतरांसारखाच तो ओठांना लावला आणि मान मागे टाकली. पण गळ्याची घाटी हलली नाही. खाली घेतलेला पेला भरलेला होता.

नाटक. रतनबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. चुकलेला टाका सापडला की व्हायचा तसाच.

मग काय, अंबादासचं सगळंच संशयास्पद दिसू लागलं. हा सारखी लवंग का चघळतो? कसला वास लपवायचा असतो? उपासनेनंतरच्या चहाला कधी सगळ्यांत मिसळत का नाही? नंदाच्या नवऱ्याने त्याला दोनदा रविवारी दुपारी गुंदवलीला बोरिवलीकडच्या मेट्रोत चढताना पाहिलं होतं, हातात पिशवी. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं दर रविवारी बोरिवलीला काय काम? पिशवीत काय असतं? रतनबाईंनी एकेक गोष्ट मनाच्या टेबलावर पसरली आणि प्रत्येकीवर लाल बाण लावला.

त्या बुधवारी नंदाच्या घरी महिला संघ जमला. गीतं झाली, वचन झालं, प्रार्थनेच्या विनंत्यांची वेळ आली. कुणी गुडघ्यांसाठी मागितली, कुणी मुलाच्या नोकरीसाठी. रतनबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“एका भावासाठी प्रार्थना करू या. नाव मी घेत नाही. पवित्र मेजाजवळ येऊन तो खोटं वागतो. वयस्कर आहे, एकटाच असतो, मागे बसतो. प्रभूने त्याला प्रकाशात आणावं.”

“आमेन,” बाया म्हणाल्या, आणि डोळे मिटल्यामिटल्या प्रत्येकीने मागच्या बाकावरची माणसं मोजली.

शुक्रवारपर्यंत अर्ध्या मंडळीला कळलं. अंबादास ओहोळ पितो, असं एक जण म्हणाला. बोरिवलीला त्याने बाई ठेवली आहे, असं दुसऱ्याने सांगितलं. ध चा मा व्हायला आपल्याकडे दोन दिवस पुरतात. पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावरचे बाकीचे पुरुष पुढे सरकून बसले. आणि सगळ्यांत ज्येष्ठ पंच भाऊ शिरसाठ ह्यांनी उपासनेच्या आधी अंबादासला बाजूला घेऊन सांगितलं, “किल्ली काही दिवस माझ्याकडे राहू दे. तुझ्यावर भार नको.” अंबादासने खिशातून किल्ली काढून दिली. का, असं विचारलंही नाही. रतनबाईंनी ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, निर्दोष माणसाने निदान विचारलं तरी असतं.

त्याच दुपारी पंचांची बैठक होती. महिनाअखेरच्या वार्षिक सभेत नवा पंच निवडायचा होता. पाळक सुयोग साळवे चौतिशीचे, मंडळीत येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. त्यांनी कागद पुढे केला.

“माझ्या मते अंबादासकाकांचं नाव ठेवावं. वीस वर्षं हा माणूस इथे सगळ्यांत आधी येतो आणि सगळ्यांत शेवटी जातो.”

“माझी हरकत आहे,” रतनबाई म्हणाल्या, आणि पेल्याचं सगळं सांगितलं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. “मेजाजवळ ढोंग करणारा माणूस पंच? मंडळीत शिस्त पाहिजे की नको, पाळकसाहेब?”

“पाहिजे ना, मावशी. शिस्त नसेल तर मंडळी कशाला, क्लबच काढू. पण तुम्ही काकांशी बोललात?”

“मी का बोलू? पंचांनी बोलवावं त्याला.”

“शास्त्राने क्रम घालून दिलाय. आधी एकट्याने त्याच्याकडे जायचं. नाही ऐकलं तर दोघा-तिघांना घेऊन. तरी नाही, तर मंडळीपुढे. आपल्याकडे सगळं उलटं चालतं. मंडळीला आधी कळतं, ज्याचं असतं त्याला शेवटी.”

भाऊ शिरसाठ खाकरले. “एवढा बाऊ नको. नाव वगळू, विषय संपला.”

“विषय असा नाही संपत, भाऊ. मावशी एकट्या जाऊन बोलतील, मग ठरवू. नाहीतर मी हे नाव सभेपुढे ठेवणार आहे.”

घरी येताना रतनबाईंच्या डोक्यात नवाच किडा वळवळू लागला. हा पाळक अंबादासला एवढा का सावरतोय? ह्याला काय माहीत आहे? पण हुकूम म्हणजे हुकूम. जायचं तर रिकाम्या हाताने नाही, पुरावा घेऊन जायचं, म्हणून त्या आधी शेवंतीबाईंकडे गेल्या.

शेवंतीबाई खाटेवर पाय लांब करून लसूण सोलत होत्या. रतनबाईंनी पेल्याचा विषय काढला तेव्हा त्यांचा हात काही थांबला नाही.

“अंबादासचा ना? ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे? कधीपासून?”

“झाली की आता अकरा वर्षं. मी मोरीत ओतायची आणि धुऊन ठेवायची.”

“अकरा वर्षं? आणि बाई, तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“मला पेले धुवायला दिले होते रतन, माणसं नव्हती दिली.” शेवंतीबाईंनी फोलपटं एका बाजूला केली. “आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ते मला नाही जमत. त्याच्या पोरीचं नाव वाचलं ना मंडळीत, त्याच्या पुढच्या महिन्यापासनं तो पेला भरलेला येतोय. एवढंच ठाऊक आहे मला.”

पोरीचं नाव. म्हणजे सपना. रतनबाईंना सगळं लख्ख आठवलं. सपना ओहोळ, तेव्हा तेवीस वर्षांची, संडे स्कूलच्या लहान मुलांना शिकवायची. गणपतीच्या दिवसांत रतनबाई कारखान्यातल्या एका मैत्रिणीकडे जोगेश्वरीला गेल्या होत्या. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं, आत आरती चालली होती, आणि गणपतीसमोर हात जोडून, कपाळाला कुंकू लावलेली सपना उभी होती. रतनबाई आल्या पावली परतल्या. त्या बुधवारी महिला संघात त्यांनी विनंती केली होती की, पाऊल घसरलेल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करू या, ती आपल्या लेकरांना शिकवते. नाव त्यांनी घेतलं नव्हतं. आजही शपथेवर सांगतील. पण लेकरांना शिकवणारी तरुण मुलगी मंडळीत एकच होती. पंचांनी तिला बोलावलं, ती आली नाही. मग एका रविवारी तेव्हाच्या पाळकांनी वेदीवरून वाचलं की सपना अंबादास ओहोळ हिला मेजापासून दूर ठेवण्यात येत आहे. दोन महिन्यांत तिने त्याच घरातल्या सिद्धेश नावाच्या मुलाशी नोंदणी लग्न केलं. तेव्हा सगळे म्हणाले होते, बघा, रतनबाईंची नजर.

म्हणजे हे असं आहे तर. लेकीला शिक्षा झाली म्हणून बाप अकरा वर्षं मंडळीवर राग धरून बसलाय, आणि वर पंच व्हायला निघालाय. रतनबाईंची पावलं झपाझप पडू लागली. आता त्यांच्याकडे सगळं होतं.

अंबादास झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायचा. अशा इमारतींतली लिफ्ट बहुधा बंदच असते, पण इथली चालू होती, अंबादास ती फुकटात चालू ठेवायचा. त्याने दार उघडलं, समोर रतनबाईंना पाहिलं आणि दार पूर्ण उघडून बाजूला झाला.

“सलाम, रतनबाई. या, बसा.”

“सलाम. मी एकटी आले आहे.”

“दिसतंय.”

त्याने चहा टाकला. रतनबाईंनी खोलीवर नजर फिरवली. बाटली नव्हती, बाईमाणसाची खूणही नव्हती. भिंतीवर बायकोचा फोटो आणि लहान मुलाने रंगवलेला एक वाकडा हत्ती. चहा पुढे आला तसं त्यांनी ठरवलेलं वाक्य काढलं.

“तुम्ही पेला पीत नाही.”

“नाही पीत.”

रतनबाई गोंधळल्या. कारखान्यात शिवणारे आधी नाहीच म्हणायचे, मग शर्ट दाखवावा लागायचा. हा पहिल्याच फटक्यात हो म्हणाला.

“आणि प्यायल्याचं दाखवता.”

“दाखवतो. ट्रे तसाच पुढे सरकवला की शेजारचा बघतो. मग बुधवारी आपल्यासाठी प्रार्थना होते.” त्याने तोंडात लवंग टाकली. “दाढ दुखते म्हणून हे. आता तशीही प्रार्थना झालीच म्हणा. किल्ली गेली माझी.”

रतनबाईंनी चहाकडे पाहिलं. “मनात काय आहे ते मोकळं करा. मी पंच म्हणून विचारत नाही, बहीण म्हणून विचारते.”

“बहीण म्हणून.” अंबादासने तो शब्द जरा वेळ तोंडात घोळवला. “कुणाबद्दल मनात काही असलं तर आधी त्याच्याशी मिटवावं, मग मेजाजवळ यावं. असंच शिकलो ना आपण? माझं मिटलेलं नाही. म्हणून नाही पीत.”

“कुणाशी मिटलं नाही? मंडळीशी?”

“मंडळीचं काय घेऊन बसलात. तुमच्याशी.”

बाहेर विमान उतरत होतं. त्याचा आवाज जाईपर्यंत अंबादास थांबला. मरोळला ही सवयच आहे.

“सपनाचं नाव वाचलं ना,” अंबादास म्हणाला, “त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सुट्टी टाकून तुमच्या दारात आलो होतो. एकटाच. शास्त्रात सांगितलंय तसा. तुम्ही दाराची साखळी काढली नाहीत. फटीतनं म्हणालात, जे काय असेल ते पंचांपुढे बोला.”

रतनबाईंना ते आठवलं. त्या विसरल्याच नव्हत्या, फक्त त्यांच्या आठवणीत ते वेगळ्या नावाने ठेवलेलं होतं. अंबादास दारावर भांडायला आला होता आणि आपण त्याला वाटेला लावलं, असं त्यांनी तेव्हा चौघींना सांगितलंही होतं.

“मला वाटलं तुम्ही भांडायला आलात.”

“भांडायलाच आलो असेन. पण आलो होतो ना.”

“मग दोघांना घेऊन यायचं होतं परत.”

“कुणाला आणू? भाऊंना? वेदीवरून वाचलेला कागद त्यांच्याच अक्षरातला होता. आणि मंडळीपुढे जायचं तर पोरीचं नाव परत सगळ्यांच्या तोंडी. एकदा झालं तेवढं बास होतं. मग मी तिथंच अडकलो, बाई. तुमच्या दारातच. पुढं जाता येईना आणि मागं पण फिरता येईना.”

“पण तिला मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, अंबादास. गणपतीपुढे, कुंकू लावून.”

“खरं आहे तुमचं. ती नाही म्हणायला गेली होती त्या दिवशी.”

“म्हणजे?”

“सिद्धेशच्या आईला सांगायला गेली होती, की काकू, आमच्या मंडळीत हे चालणार नाही, मी माझ्या आई-बापाला तोंड दाखवू शकणार नाही, तर हे इथंच थांबवू. पोचली ती आरतीच्या वेळेला. त्या माउलीने हात धरून आत घेतलं, कपाळाला लावलं. पाहुणी होती, तिथं पुसून कशी टाकणार? आरती झाल्यावर बोलली ती. नाही म्हणून घरी आली आणि तीन दिवस जेवली नाही.” त्याने चहाचा कप खाली ठेवला. “मग पंचांचं बोलावणं आलं. मी म्हटलं, चल, सांगू सगळं. ती म्हणाली, बाबा, त्यांना विचारायचं असतं तर आधी विचारलं असतं. नाव वाचलं त्या दिवशी संध्याकाळी सिद्धेशची आईच आमच्याकडे आली होती, डब्यात भाकरी-भाजी घेऊन. मंडळीतलं कुणी नाही आलं. मग ती गेली त्या घरी. जाणारच ना.”

खरं कशावरून, हा प्रश्न रतनबाईंच्या ओठावर आला होता. पोरीने बापाला सांगितलं म्हणून खरं? त्यांनी तो तिथेच गिळला, कारण त्याच क्षणी त्यांना कळलं की अकरा वर्षांपूर्वी जोगेश्वरीच्या त्या दारात हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता. एकदा सपनाला बाजूला घेऊन, काय गं पोरी, म्हणायला किती वेळ लागला असता? त्यांचा चेहरा कानापर्यंत तापला. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“ती कशी आहे?”

“सुखात आहे. बोरिवलीला असते. जावई देवमाणूस आहे, मुलगा दुसरीत आहे. मी दर रविवारी जातो, त्याला बोंबील आवडतात ते तळून नेतो.” त्याने भिंतीवरच्या हत्तीकडे पाहिलं. “पण मंडळीत ती परत आली नाही. तिची आई वारली तेव्हापण उपासनेला आत आली नाही, बाहेर रस्त्यावर उभी होती.”

“मला माफ करा, अंबादास.”

अंबादासने आपला कप उचलून मोरीत ठेवला.

“करायचंय मला,” तो म्हणाला. “अकरा वर्षं तेच करायचंय. म्हणून तर येतो दर रविवारी. दर महिन्याला पेला घेतो, म्हणतो आज होईल. ओठाला लागला की हात थांबतो. तुम्ही म्हणालात म्हणून चहाबरोबर देऊन टाकला, असं नाही होत ते.”

“मी हरकत मागे घेते. पाळकसाहेबांना सांगते.”

“घ्या. मग लोक म्हणतील, अंबादासने रतनबाईला काय पाजलं.” तो थोडासा हसला, आणि त्यांना दारापर्यंत सोडायला निघाला.

वार्षिक सभेला मंडळी गच्च भरली होती. अंबादास दाराकडच्या टोकाला होता, त्याच्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं. रतनबाई पंचांच्या बाकावर होत्या. आठवडाभर त्या धड झोपल्या नव्हत्या. हरकत मागे घेतल्याची चिठ्ठी त्यांनी दिली होती, आणि तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. भाऊ शिरसाठांनी चष्मा लावून कागद वाचायला घेतला.

“अंबादास ओहोळ. ह्या नावावर एक हरकत होती, ती मागे घेण्यात आली आहे. तरी पण मंडळीतली कुजबुज लक्षात घेता, पंचांपैकी बहुतेकांचं मत आहे की ह्या वर्षी हे नाव वगळावं. कुणाला काही बोलायचं आहे?”

सुयोग पाळकांनी रतनबाईंकडे पाहिलं नाही. ते नुसते खाली बघत बसले होते. रतनबाई उठल्या.

“ती कुजबुज माझी आहे.”

“रतनबाई, बसा. झालं ते झालं.”

“नाही भाऊ, बोलू द्या.” त्यांनी बाकाची कड धरली. “महिला संघात मी एका भावासाठी प्रार्थना मागितली होती. तो भाऊ म्हणजे अंबादास ओहोळ. त्यांनी काहीही केलेलं नाही. त्यांचं माझ्याशी मिटलं नव्हतं, म्हणून ते पेला पीत नव्हते, आणि ते मिटलं नाही ह्यात चूक माझी आहे. अकरा वर्षांपूर्वी मी एका बहिणीसाठी अशीच प्रार्थना मागितली होती. ती सपना ओहोळ.”

सपनाचं नाव त्या भिंतींत अकरा वर्षांनी उच्चारलं गेलं. कुणीतरी खोकलं.

“दोन्ही वेळा मी नाव घेतलं नाही, म्हणून मला वाटायचं की मी कुणाचं वाईट केलं नाही. सपनाला मी एक शब्द विचारला नव्हता. विचारलं असतं तर काय कळलं असतं, ते मी इथे सांगणार नाही, ते तिचं आहे. तिचा बाप एकटा माझ्या दारात आला तेव्हा मी दार उघडलं नाही. मंडळीच्या शिस्तीत ह्याला काही नाव असेल तर ते लिहून घ्या आणि मला लावा.”

“बाई, ह्या घरात बोलायच्या गोष्टी आहेत,” भाऊ म्हणाले.

“घरात बोलायची वेळ होती, तेव्हाच तर मी दार लावलं. आणि भाऊ, किल्ली त्यांची आहे. ती त्यांना द्या.”

भाऊ शिरसाठांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. हिच्यावर कुणीतरी दबाव आणलाय, असं एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, दोघांचं काहीतरी ठरलेलं दिसतंय, परवा ही त्याच्या घरी गेली होती म्हणे, एकटीच. रतनबाईंना ते शब्द स्पष्ट ऐकू आले. हीच भाषा त्यांनी तीस वर्षं वापरली होती, ती त्यांना कळणार नाही तर कुणाला? नंदाने मान खाली घातली होती.

“नोंद घेतली,” भाऊ शेवटी म्हणाले. “ओहोळांच्या नावाचं आणि बाईंच्या पंचपदाचं पुढच्या बैठकीत बघू. आता नाताळची रोषणाई.”

रतनबाईंनी पर्स उचलली. पंचांच्या बाकावर परत बसायला त्यांना धीर होईना. मधल्या वाटेने त्या मागे निघाल्या. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर जागा होती, पण त्या येताना पाहून तिथल्या बाईने आपली पिशवी शेजारी ठेवली. पाचव्या बाकावरही कुणी सरकलं नाही. वाट संपत आली. समोर उघडं दार होतं आणि बाहेर चपलांचा ढीग.

शेवटच्या बाकावर अंबादासच्या शेजारी बोरिवलीला न्यायचा डबा ठेवला होता. त्याने रतनबाईंकडे पाहिलं नाही. पुढे भाऊ शिरसाठ रोषणाईच्या माळांबद्दल वाचत होते, तिकडेच नजर ठेवून त्याने डबा उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला.

“इथं पंख्याचा वारा लागत नाही,” तो म्हणाला.

“चालेल,” म्हणून रतनबाई बसल्या.